गावाकडचं पाकीट

रविवारची रात्र, अकरा वाजून बावीस मिनिटं झालेली. पुण्याच्या शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत टेबलावर दिवा, भिंग, चपट्या टोकाचा चिमटा आणि लॅपटॉप. लॅपटॉपसमोर एकाहत्तर वर्षांचे एक निवृत्त बँक कर्मचारी बसलेत. संग्राहकांच्या गोतावळ्यात सगळे त्यांना नुसते ‘काका’ म्हणतात. जर्मनीत संध्याकाळचे आठ वाजायला आलेत आणि आठ वाजता तिथल्या एका विक्रेत्याचा लॉट संपणार आहे. आतून काकूंचा आवाज येतो, “अजून किती वेळ?” काका घड्याळाकडे न बघता उत्तर देतात, “आठ मिनिटं.”

लॉट म्हणाल तर एक पोस्टकार्ड. पाव आण्याचं, तपकिरी छपाईचं, व्हिक्टोरिया राणीचं डोकं असलेलं. विक्रेत्याने वर्णनात चारच शब्द लिहिलेत, त्यांचा अर्थ इतकाच की भारतातलं जुनं कार्ड, मजकूर स्थानिक लिपीत. चित्रही फक्त पत्त्याच्या बाजूचं. बोली चार युरोवर आहे. काका भिंग थेट पडद्यावर धरतात. स्थानिक लिपी म्हणजे मोडी. एका ओळीत अक्षरं गुंफलेली, शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, पण सवयीच्या डोळ्याला त्यातून ‘मुंबई’ आणि ‘गिरगाव’ वेगळे दिसतात. शिक्का अर्धाच उमटलाय. त्यातली तीन इंग्रजी अक्षरं जुळवून काकांनी गेल्या सोमवारीच ठरवून टाकलंय की कार्ड वाईहून निघालंय. काकांचं आजोळ वाईचं.

यंदाच्या अंकासाठी ‘शोध’ हा विषय ठरला, तेव्हा टपालतिकिटांच्या ऑनलाइन लिलावांत मराठी संग्राहकांना काय काय सापडतं हे पाहायचं ठरलं. पुणे, कोल्हापूर, डोंबिवली, मडगाव इथे काही घरांत बसून, त्यांची पाकिटं हातात घेऊन पाहिलं. कुणालाही ‘तुमची आवडती गोष्ट दाखवा’ म्हटलं तर सर्वांत महागडी गोष्ट कुणी काढली नाही. बहुतेकांनी असं काही काढलं, जे विकणाऱ्याला वाचता आलं नव्हतं.

दोन टींचा सातारा

लिलावाच्या संकेतस्थळांवर रोज लाखो वस्तू चढतात. त्यातून आपली वस्तू शोधायची म्हणजे शोधाच्या चौकटीत नेमका शब्द टाकायला हवा, आणि तोच शब्द कुणाला ठाऊक नसतो. काकांची एक वही आहे. तीत गावांची नावं इंग्रजांनी कशी कशी लिहिली याची यादी आहे. पुण्याची चार रूपं. साताऱ्याचं एक रूप दोन टींचं. अहमदनगरच्या शेवटी ‘नगर’ऐवजी ‘नग्गर’. ठाण्याचं ‘टॅन्ना’, खडकीचं ‘किर्की’, धुळ्याचं ‘धूलिया’. रत्नागिरीची रूपं तर अर्धं पान भरून आहेत. शिवाय विक्रेत्यांनी शिक्का चुकीचा वाचून तयार केलेली नावं वेगळीच. ती कुठल्याही नकाशावर नाहीत, पण काकांच्या वहीत आहेत. नीट लिहिलेल्या नावावर जगभरचे संग्राहक डोळा ठेवून असतात. चुकलेल्या नावापाशी गर्दी नसते.

भोरचं उदाहरण या सगळ्यांच्या तोंडी आहे. पुणे जिल्ह्यातल्या या छोट्या संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली. अर्ध्या आण्याचं आणि एका आण्याचं, दोन्ही लालसर. छापखान्यात छापलेली नव्हेत, देशी कागदावर ठशाने एकेक उठवलेली. त्यामुळे दोन तिकिटं तंतोतंत सारखी निघत नाहीत. कुठे शाई फुटलीय, कुठे ठसा तिरका बसलाय, कुठे कागदाचा काथ्या वर आलाय. कडेला दाते नाहीत. १९०१ मध्ये तिथले संस्थानिक पंत सचिव यांचं चित्र असलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट आलं आणि भोरची कथा तिथेच आटोपली.

पुण्यातल्याच एका तरुण संग्राहकाकडे भोरचं एक आण्याचं तिकीट आहे. इंग्लंडमधल्या विक्रेत्याने ते ‘अनोळखी, बहुधा कोर्टाचं’ म्हणून इतर किरकोळ तिकिटांच्या ढिगात घातलं होतं आणि चित्रही उलटं टाकलं होतं. तिकिटावर इंग्रजी अक्षर नाही, तेव्हा वर कुठलं आणि खाली कुठलं हे त्याला कळायचं कारण नव्हतं. या मुलाने पडदा उलटा केला आणि ओळखलं. ढीग त्याला अकराशे रुपयांना पडला. बाकीची पंचवीस-तीस तिकिटं त्याने शेजारच्या शाळकरी मुलीला देऊन टाकली. भोरचं तिकीट मात्र तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवतो, कागदाचे धागे दिसावेत म्हणून.

निजामाच्या तिकिटांचंही तसंच. १९३१ च्या हैदराबाद मालिकेत आठ आण्याच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आहे आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांदमिनार. परदेशी याद्यांत तो ‘विजयस्तंभ’ म्हणून येतो. ज्याने लहानपणी शाळेच्या सहलीत तो मिनार मान वर करून पाहिलाय, त्याला वर्णन वाचावं लागत नाही.

शेवटचे आठ सेकंद

लिलाव चालतो कसा, हे एकदा नीट सांगायला हवं. आपण आपली कमाल रक्कम संकेतस्थळाला गुपचूप सांगून ठेवतो. समोरच्याने बोली वाढवली की यंत्रणा आपल्या वतीने एकेक पायरी चढते आणि कमाल रकमेपाशी थांबते. त्यामुळे ज्याची कमाल मोठी तो जिंकतो, पण त्याला भरावी लागते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरी जास्त एवढीच. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात लवकर बोली लावली की ती इतरांना दिसते, आणि एका जाणत्याने हात घातलाय म्हटल्यावर बाकीचे त्या वस्तूकडे पुन्हा बघतात. म्हणून अनुभवी माणसं शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प राहतात. याला ‘स्नायपिंग’ म्हणतात. सगळ्याच ठिकाणी ते चालत नाही. काही ठिकाणी शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ आपोआप पुढे सरकतं.

लिलावाचं बाजारपेठेसारखं एक हवामान असतं, असं काका म्हणतात. युरोपात थंडी पडली की लोक माळे झाडतात, आजोबांचे अल्बम बाहेर येतात आणि लॉट वाढतात. अमेरिकी ईबेचं भारतातलं दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं, तेव्हा इथले बरेच छोटे विक्रेते व्हॉट्सॲपच्या गटांकडे वळले. तिथे दर रविवारी पाकिटांचे फोटो पडतात आणि खाली बोली लिहिल्या जातात. मोठे लॉट मात्र मुंबई-बंगळूरच्या लिलावगृहांकडे जातात. त्यांचे लिलाव सभागृहात आणि पडद्यावर एकाच वेळी चालतात. तिथे बोलीवर गृहाचं कमिशन आणि त्यावरचा कर चढतो. तो हिशेब आधी केला नाही तर हातोडा पडल्यावर तोंडाला कोरड पडते.

अकरा एकोणतीस. काका चष्मा पुसतात. कार्ड अजून चार युरोवरच आहे, पण ‘पाहणारे’ सात दिसतात. कमाल तेवीस युरो, हे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवलंय. ऐन वेळी हात सैल सुटू नये म्हणून. टपालखर्च वेगळा, आणि बऱ्याचदा तोच वस्तूहून जास्त.

आठ सेकंद उरले तसं त्यांनी बटण दाबलं. आकडा चारवरून अकरा, अकरावरून साडेसतरा, साडेएकोणीस. थांबला. पडद्यावर हिरवी पट्टी आली.

“मिळालं,” काका म्हणाले. आतून उत्तर आलं, “मग झोपा आता.”

नगरचे कैदी

हिंजवडीत नोकरी करणारा, मूळचा नगरचा एक पस्तिशीतला संग्राहक आहे. त्याच्या अल्बमात पहिली चाळीस पानं अशी आहेत की त्यांवर एकही तिकीट नाही. ती सगळी युद्धकैद्यांची आणि स्थानबद्धांची पत्रं आहेत. कैद्यांच्या टपालाला हशील माफ असतं. त्यामुळे तिकिटाच्या जागी लिहिलेला असतो ‘युद्धकैद्याचं टपाल’ अशा अर्थाचा शब्द आणि शेजारी सेन्सॉरचा शिक्का.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक, त्यात मुंबईतले व्यापारी, बोटींवरचे खलाशी, मिशनरी असे सगळे अहमदनगरच्या छावणीत आणून ठेवले गेले. त्यांनी घरी लिहिलेली कार्डं जर्मनीत पोचली, पेट्यांत राहिली आणि आता शंभर वर्षांनी नातवंडांच्या हातून लिलावात येतात. त्याच्याही आधी बोअर युद्धात पकडलेले सुमारे नऊ हजार बोअर कैदी इंग्रजांनी हिंदुस्थानात धाडले होते. त्यांच्या छावण्यांत अहमदनगर होतं, सातारा होता. त्यांची डच भाषेतली पत्रं आजही दक्षिण आफ्रिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या विक्रेत्यांकडे निघतात. नगरचा किल्ला म्हटलं की आपल्याला १९४२ नंतरचे नेहरू, पटेल, आझाद आठवतात. पण किल्ल्याच्या या गावाने त्याआधी दोन वेळा परक्या मुलखांतल्या माणसांना कैदेत पाहिलं होतं, आणि त्याची साक्ष देणारे कागद गावात राहिलेच नाहीत. ते निघूनच गेले होते. पत्र म्हणजे शेवटी गाव सोडून जाणारी वस्तू.

या संग्राहकाचं आवडतं कार्ड १९१६ चं आहे. पुढच्या बाजूला छावणीच्या सेन्सॉरचा शिक्का, मागे बारीक अक्षरांत तेरा ओळी. जर्मन विक्रेत्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की मजकूर वाचता येत नाही. कारण तो ‘कुरेंट’ नावाच्या जुन्या जर्मन वळणात आहे. ते वळण १९४१ नंतर जर्मन शाळांतून काढून टाकलं गेलं, आणि आज तिथल्या बहुतेकांना आजोबांची पत्रं वाचता येत नाहीत. मोडीचं आपल्याकडे जे झालं तेच. या मुलाने रोज रात्री अर्धा तास बसून, बाराखडीसारखं घोकून कुरेंट शिकून घेतलं. जर्मन भाषा आधी ऑफिसच्या कामासाठी शिकलेली होती, ती उपयोगी पडली. कार्डात तेरा ओळींपैकी नऊ ओळी उन्हाबद्दल आहेत. दहाव्या ओळीत लिहिणारा विचारतो, घरामागच्या नाशपातीला यंदा फळ धरलं का.

“नगरचा मे महिना आहे तो,” मुलगा म्हणतो. “मला भाषांतर करावंच लागलं नाही त्या नऊ ओळींचं.”

वळीवडे, व्हाया वॉर्सा

कोल्हापुरातल्या इतिहासाच्या एक शिक्षिका पोलंडमधल्या ‘अलेग्रो’ या विक्रीच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला एकच शब्द टाकून पाहतात, वळीवडे. सहा वर्षांत त्यांना एकूण अकरा वस्तू मिळाल्या. त्यात दोन फोटो, एक शाळेचा दाखला आणि आठ पाकिटं.

कोल्हापूरजवळच्या वळीवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे नेलेली ही कुटुंबं १९४१ नंतर सुटली, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि पंचगंगेच्या काठच्या मुलखात बराकींत राहिली. त्यांची शाळा होती, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. पुरुष मंडळी पोलिश सैन्यात, इटलीच्या आघाडीवर. मॉन्ते कॅसिनोची लढाई ज्या पोलिश कोअरने १९४४ च्या मे महिन्यात जिंकली, त्यातल्या काही जणांची बायकापोरं त्या वेळी कोल्हापूरजवळ होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात छावणीची आठवण सांगणारा स्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा अनेकांनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

बाईंनी त्यांचं आवडतं पाकीट प्लास्टिकच्या खोळीतून काढलं. हाताला आधी सुती मोजे चढवले होते, मग विचार बदलून ते काढले. मोज्यांनी कागदाची कड अडकते, धुऊन कोरडे केलेले हातच बरे, हे त्या अनुभवाने शिकल्यात.

लहानसं, पिवळट पाकीट. वर सहाव्या जॉर्जची तिकिटं, कारण कोल्हापूर संस्थानाने स्वतःची टपालतिकिटं कधी काढली नाहीत, ब्रिटिश हिंदुस्थानचीच चालत. शिक्का गोल, १९४४ साल स्वच्छ. पाकिटाची डावी कड कापलेली आणि वर एक छापील पट्टी डकवलेली, ‘ओपन्ड बाय एक्झामिनर’. म्हणजे सेन्सॉरने उघडून वाचलं आणि पुन्हा बंद केलं. पत्ता पोलिश सैन्याच्या फील्ड पोस्ट ऑफिसचा, नुसता आकडा. गावाचं नाव नाही, कारण आघाडी कुठे आहे ते पाकिटावर लिहायचं नसतं. मागे पाठवणारीचा पत्ता पेन्सिलने. छावणीचं नाव, ब्लॉकचा आकडा, बराकीचा आकडा.

आतलं पत्र नाही. बऱ्याच पाकिटांत नसतं. पत्र घरच्यांनी ठेवलं असेल किंवा हरवलं असेल, बाजारात फक्त पाकीट आलं.

“लोक विचारतात, पत्र नाही तर पाकिटाचं काय करणार,” बाई म्हणतात. “पण हा ब्लॉकचा आकडा बघा. छावणीच्या नकाशावर मी बोट ठेवून दाखवू शकते, ही बाई कुठे राहत होती. नववीच्या मुलांना मी नकाशा आणि हे पाकीट एकत्र दाखवते. मुलं आपोआप गप्प होतात.”

विक्रेत्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. तो लोड्झ शहरातला. त्याने बाईंना विचारलं होतं, वळीवडे अजून आहे का. बाईंनी त्याला रेल्वे स्टेशनच्या पाटीचा फोटो पाठवला. पुढच्या वेळी त्याने टपालखर्च घेतला नाही.

मागची बाजू दाखवा

डोंबिवलीच्या एका रेल्वे कर्मचारी बाईंचा नियम आहे की विक्रेत्याने पाठ दाखवल्याशिवाय बोली लावायची नाही. समोरच्या बाजूला तिकीट असतं आणि विक्रेते तिकिटाचा फोटो काढतात. प्रवास मात्र मागे लिहिलेला असतो. पत्र ज्या ज्या ठिकाणी हातात पडलं तिथला शिक्का पाठीवर बसत गेला.

त्यांची सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे लंडनहून पुण्याला आलेलं १८८० च्या दशकातलं पाकीट. पुढे साधं, फारशी किंमत नसलेलं इंग्लिश तिकीट. बाईंनी पाठ मागितली, विक्रेत्याने जरा कुरकुरत फोटो पाठवला, आणि त्यात शिक्का निघाला, ‘सी पोस्ट ऑफिस’.

हे समुद्रावरचं पोस्ट ऑफिस १८६८ मध्ये सुरू झालं. विलायती टपाल घेऊन येणारी बोट मुंबईला लागेपर्यंत पत्रांच्या थैल्या तशाच बंद ठेवल्या तर किनाऱ्यावर उतरल्यावर छाननीत वेळ जायचा. म्हणून एडनच्या बाजूने येणाऱ्या बोटीवरच टपालखात्याची माणसं बसवली. हलत्या बोटीवर, कंदिलाच्या उजेडात, ती हजारो पत्रं गावागावांच्या खणांत टाकत येत. बोट मुंबईला पोचली की थैल्या थेट आगगाडीत. पुढे १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ही सोय बंद पडली. सेहेचाळीस वर्षं चाललेल्या या कामाची आता राहिलेली खूण म्हणजे पाकिटांच्या पाठीवरचे हे छोटे शिक्के. बाई स्वतः रेल्वेच्या पार्सल विभागात आहेत. हलत्या डब्यात उभं राहून कागद वाचणं म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एडनचीही पाकिटं त्या गोळा करतात. एडनचं टपाल १९३७ पर्यंत हिंदुस्थानच्या खात्याकडे होतं आणि तिथे हिंदुस्थानचीच तिकिटं वापरली जात. तिकीट इकडचं, पण वर चौकोनी आडव्या रेघांच्या मधोमध १२४ हा आकडा दिसला की समजायचं, हे एडनला वापरलंय. असं तिकीट शंभर साध्या तिकिटांच्या पुडक्यात लपलेलं असतं. पुडक्याचा एकच फोटो असतो आणि तो मोठा करून एकेक तिकीट तपासायला रात्र जाते.

एक पाकीट त्यांनी दोनदा हातचं सोडलं आणि तिसऱ्यांदा घेतलं. फ्रान्समधल्या विक्रेत्याचं, कडा ओल्याने काळवंडलेल्या, तिकीट गळून पडलेलं. एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँवर कोसळलं आणि ‘कांचनजंगा’ २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच डोंगरावर. दुसऱ्या विमानात डॉ. होमी भाभा होते. त्या बर्फाने टपाल अनेक वर्षं स्वतःजवळ ठेवलं. पहिल्या विमानातली काही पत्रं १९७८ मध्ये हिमनदीतून बाहेर आली, दुसऱ्या विमानातली परराष्ट्र खात्याची एक थैली २०१२ मध्ये मिळाली. अशा पाकिटांना संग्राहक ‘क्रॅश कव्हर’ म्हणतात. बाईंनी ते पाकीट अल्बमात लावलेलं नाही. वेगळ्या पेटीत ठेवलंय. विकणार नाही, एवढंच त्या त्याबद्दल बोलतात.

मडगावच्या एका वकिलांकडे पाठीऐवजी कडेला महत्त्व आहे. पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटं १८७१ मध्ये गोव्यातच, साध्या ठशांनी छापली गेली. अक्षरं वाकडी, दात्यांच्या ओळी तिकिटाच्या मधूनच गेलेल्या. पोर्तुगालमधले विक्रेते ही तिकिटं ‘सदोष’ म्हणून स्वस्तात काढतात. वकील ती आनंदाने घेतात. ती तशीच जन्मलीत, हे त्यांना माहीत आहे.

भिंगाखालचे बापू

फसवणूक सगळीकडे आहे आणि ती सर्वांत जास्त महात्मा गांधींच्या तिकिटाच्या नावावर आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हासिये छापखान्याची. ‘बापू’ हा शब्द देवनागरी आणि उर्दू दोन्ही लिपींत आहे. त्यातले फक्त शंभर संच गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ असा छाप मारून दिले गेले. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. ती बातमी झाली आणि त्यानंतर घरोघरीच्या साध्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’चे छाप उगवायला लागले.

काका बनावट तिकीट जपून ठेवतात, नवख्यांना शिकवण्यासाठी. खरं आणि बनावट अशी दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून त्यांनी भिंग हातात दिलं. खऱ्या तिकिटात बापूंच्या गालावरची छाया मखमलीसारखी उतरत जाते, मध्ये खंड नाही. बनावट तिकिटात तीच छाया वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी सुट्या ठिपक्यांची झाली आहे. मग दाते मोजायची पट्टी लावली. खऱ्याचे दाते दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा भरतात. बनावटाचे भरत नाहीत. लिलावाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मोठ्या रकमेचं तिकीट असेल तर तज्ज्ञ समितीचा दाखला असल्याशिवाय हात घालायचा नाही, हे सगळ्यांचं एकमुखी सांगणं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची अशी समिती एकोणिसाव्या शतकापासून काम करते आहे.

आणखी एक नुकसान आहे आणि ते फसवणुकीहून मोठं आहे. ते आपण सगळ्यांनी मिळून केलंय. शाळेत असताना पाकीट आलं की तिकिटाभोवती कातर फिरवायची, तुकडा कोमट पाण्यात भिजत घालायचा, तिकीट सुटलं की जुन्या वर्तमानपत्रावर वाळवायचं. पाकीट बंबात. तिकीट राहिलं, पण ते कुठून कुठे गेलं, कुणी कुणाला लिहिलं, वाटेत कुठे थांबलं, हे सगळं जळून गेलं. काकांनी स्वतः वयाच्या बाराव्या वर्षी वाईच्या वाड्यातल्या दोन पेट्यांमधली पाकिटं अशी भिजवली. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. ती तिकिटं आजही त्यांच्या पहिल्या वहीत चिकटवलेली आहेत.

बाळास बरे

कार्ड यायला तेवीस दिवस लागले. जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर आजच्या जर्मनीची चार रंगीत तिकिटं. काकांनी पुठ्ठा कापला नाही, चिकटपट्टी ओलसर कापसाने सोडवली आणि विक्रेत्याच्या पाकिटाला दुसरी खोळ घातली.

मग कार्ड पालथं केलं. पाठ त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

पाठ गच्च भरलेली होती. त्या काळच्या कार्डावर पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची सोय नव्हती, त्यामुळे जे सांगायचं ते याच बाजूत बसवायचं. आडव्या ओळी संपल्यावर लिहिणाऱ्याने कार्ड फिरवून समासात उभी ओळ घातली होती. काकांनी वाचायला सुरुवात केली, एक बोट अक्षरांखाली सरकत. वडिलांनी मुंबईला शिकणाऱ्या मुलाला लिहिलेलं पत्र. आशीर्वाद विशेष. तुमचे पत्र येऊन महिना होत आला. रोज पोस्टात मनुष्य पाठवतो. मातोश्री काळजी करतात. कृष्णेस पाणी फार आले होते, आता ओसरले. गाय व्याली. फीचे पैसे पावल्याचे कळवावे.

काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. “पुढे?” त्या म्हणाल्या.

पुढे समासातली उभी ओळ. काकांनी कार्ड फिरवलं. “बाळास बरे...” आणि ते थांबले. नेमक्या तिथेच मुंबईच्या पोस्टाचा पोचल्याचा शिक्का बसला होता. काळा, गोल, तारीख लख्ख वाचता येईल असा. एरवी असा शिक्का मिळाला तर काका चार जणांना फोन करून सांगतात. त्याच्याखाली एक शब्द दबला होता. ‘आहे’ असेल, ‘नाही’ असेल.

काकूंनी टेबलावरचा दिवा उचलून कार्डाच्या मागे धरला. काकांनी भिंग लावलं. शिक्क्याच्या शाईतून दुसऱ्या शाईची एक रेघ वर आल्यासारखी वाटत होती. “जरा डावीकडे घे,” काका म्हणाले. काकूंनी दिवा डावीकडे घेतला.